विश्वाची शिल्लक कोठून आली?

पतसंस्थेत वा बँकेत काम करणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दिवसअखेर जमा आणि नावे या दोन बाजूंत एका रुपयाचा फरक राहिला, तरी तो सापडेपर्यंत खुर्ची सोडता येत नाही. रक्कम लहान की मोठी, हा प्रश्नच नसतो. फरक उरला, याचा अर्थ आपल्याला न कळलेली एखादी नोंद कोठे तरी झाली आहे, हा खरा प्रश्न असतो. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक गेली साठ वर्षे अशाच एका फरकापाशी अडून बसले आहेत. त्यांच्या वहीत सुमारे एक अब्ज नोंदींमागे एका नोंदीचा फरक येतो. परंतु त्या एका नोंदीतच आपली आकाशगंगा, सूर्य, ही पृथ्वी, नीरा-भीमेचे पाणी आणि हा मजकूर वाचणारा वाचक, एवढे सारे सामावलेले आहे.

जिनिव्हाजवळील 'सर्न' या युरोपीय संशोधन संस्थेतील 'एलएचसीबी' प्रयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये या फरकासंबंधी एक महत्त्वाची वार्ता दिली. जुलैमध्ये ती 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. ऑक्टोबरमध्ये त्याच साप्ताहिकात जपान व अमेरिका येथील दोन न्यूट्रिनो प्रयोगांचा संयुक्त निष्कर्ष आला. उसाचा दर, निवडणुका आणि पाण्याच्या पाळ्या यांच्या गदारोळात बारामती-इंदापूरकडील फारच थोड्यांच्या कानांवर या वार्ता गेल्या असतील. त्यात अस्वाभाविक काही नाही. मात्र या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि ती सार्वजनिक पैशाची आहे. ज्या ज्ञानातून कोणाचेही पोट भरत नाही, त्यासाठी गरीब देशाने खर्च करावा काय? प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु त्यासाठी आधी पहिला प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

द्रव्य आणि प्रतिद्रव्य

१९२८ साली पॉल डिरॅक या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनसंबंधी एक समीकरण मांडले. त्या समीकरणाची उत्तरे दोन प्रकारची येत होती. इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण उलट विद्युत्भार असलेला एक कण निसर्गात असला पाहिजे, असे त्यातून निघाले. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन याला विश्वकिरणांच्या छायाचित्रात असा कण खरोखरच सापडला. त्यालाच पॉझिट्रॉन म्हणतात. १९५५ मध्ये प्रतिप्रोटॉनही मिळाला. प्रत्येक कणाला असा एक प्रतिकण असतो, आणि कण व प्रतिकण समोरासमोर आले की दोघेही नाहीसे होऊन ऊर्जा तेवढी मागे राहते.

प्रतिद्रव्य ही दूरच्या आकाशातील गोष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. उसाला आणि केळीला आपण पालाश देतो. म्युरेट ऑफ पोटॅशचे पोते परदेशातून येते आणि सोसायटीच्या गोदामात पडते. निसर्गातील पोटॅशियमचा एक अगदी अल्प अंश किरणोत्सारी असतो. त्याच्या अणूंचा ऱ्हास होताना साधारणतः लाखात एक वेळ पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पन्नास किलोच्या पोत्यात दर सेकंदाला असे पाच-दहा पॉझिट्रॉन जन्माला येतात आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटून तत्क्षणी लोपतात. त्यांचा कोणाला उपद्रव नाही. प्रतिद्रव्य इंदापूरच्या गोदामातही निर्माण होते, परंतु द्रव्याच्या या जगात ते टिकू शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मग मूळ प्रश्न उभा राहतो. ऊर्जेतून द्रव्य निर्माण होताना कण आणि प्रतिकण नेहमी जोडीनेच जन्मतात. विश्वाच्या आरंभीच्या प्रचंड उष्णतेत अशा असंख्य जोड्या जन्मल्या आणि लोपल्या. विश्व थंड होत गेले तेव्हा सर्व जोड्यांचा हिशेब चुकता होऊन मागे केवळ प्रकाश उरावयास हवा होता. तसे झाले नाही. आज विश्वात प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे प्रकाशाचे सुमारे दीड अब्जाहून अधिक कण आहेत. हे गुणोत्तर दोन वेगळ्या मार्गांनी काढता येते. पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या जड हायड्रोजनचे प्रमाण, हा एक मार्ग. आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाचे बारकावे, हा दुसरा. दोहोंची उत्तरे जुळतात. म्हणजे, आरंभी प्रतिकण एक अब्ज असतील तर कण एक अब्ज आणि एक होते. अब्ज जोड्या गेल्या आणि तो एक उरला. आपण सारे त्या एकाचे वंशज आहोत.

श्रीशिल्लक मानता येईल काय?

येथे एखादा चतुर हिशेबनीस म्हणेल की, यात गूढ ते काय? रोजकीर्दीच्या पानावर आदल्या दिवसाची श्रीशिल्लक आधीच लिहिलेली असते. विश्वाच्या पहिल्याच पानावर तशी एक शिल्लक होती असे मानावे आणि मोकळे व्हावे. आक्षेप रास्त आहे. परंतु आरंभीच्या एका क्षणांशात विश्व अतिप्रचंड वेगाने फुगले, असे बहुतेक विश्वशास्त्रज्ञ मानतात. या घटनेला त्यांनी जो इंग्रजी शब्द योजला तोच आम्ही चलनफुगवट्यासाठी वापरतो, आणि परिणामही त्याच जातीचा होतो. मोठ्या चलनफुगवट्यात आजोबांच्या ठेवीची किंमत शून्यावर यावी, तशी त्या फुगवट्यात आधीची कोणतीही शिल्लक विरळ होऊन नगण्य ठरते. तेव्हा जी शिल्लक दिसते ती फुगवट्यानंतर कमावलेली असली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, प्रतिद्रव्याच्या आकाशगंगा अन्यत्र कोठे तरी असतील. स्वीडनचे नोबेल पारितोषिक विजेते हानेस आल्फव्हेन यांनी अशाच सम-समान विश्वाची कल्पना मांडली होती. परंतु तसे असते तर दोन प्रदेशांच्या सीमेवर कण-प्रतिकणांचा सतत नाश होऊन विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण आले असते. ते तशा प्रमाणात आढळत नाहीत.

येथे कै. जयंत नारळीकर यांचे स्मरण होणे साहजिक आहे. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि पुण्यात 'आयुका' उभारणाऱ्या या शास्त्रज्ञाने महास्फोटाचा सिद्धान्त अखेरपर्यंत निमूटपणे स्वीकारला नाही. १९९३ मध्ये फ्रेड हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही. तथापि, सर्वमान्य सिद्धान्तालाही पुरावा मागावा, ही त्यांची शिकवण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी जपण्यासारखी आहे. द्रव्याच्या शिल्लकीचा प्रश्न हा नेमका असा आहे की, जेथे सर्वमान्य सिद्धान्ताचे हात आजही तोकडे पडतात.

साखारोव्ह यांच्या तीन अटी

पुढे मानवी हक्कांसाठी सोव्हिएत सत्तेशी झगडलेले आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ साली एक छोटा निबंध लिहून या प्रश्नाला शिस्त लावली. शून्यातून शिल्लक निर्माण व्हावयाची तर तीन अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत, असे त्यांनी दाखविले.

पहिली अट अशी की, प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची, म्हणजे बेरिऑनांची, निव्वळ संख्या बदलू शकेल अशी एखादी प्रक्रिया निसर्गात असावी. दुसरी अट अशी की, निसर्गाने कण व प्रतिकण यांच्यात थोडा तरी पक्षपात करावा. कणाच्या जागी प्रतिकण ठेवला आणि सारे दृश्य आरशात पाहिले, तरी नियम तोच राहतो, अशी एक सममिती शास्त्रज्ञ पूर्वी गृहीत धरीत असत. ती कोठे तरी मोडली पाहिजे. तिसरी अट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन उमजेल. हे सारे घडत असताना विश्व समतोलात असता कामा नये. पूर्ण स्पर्धेच्या दीर्घकालीन समतोलात असाधारण नफा उरत नाही, कारण एका बाजूने आलेला लाभ दुसऱ्या बाजूने निघून जातो. उष्णतेच्या समतोलातही प्रत्येक प्रक्रियेबरोबर तिची उलट प्रक्रिया तितक्याच वेगाने चालू असते. शिल्लक पडावयाची तर हा समतोल वेळीच बिघडावा लागतो.

दुसऱ्या अटीचा पुरावा साखारोव्ह यांच्या निबंधाआधीच मिळाला होता. १९६४ मध्ये क्रोनिन व फिच यांनी अमेरिकेत केऑन नावाच्या कणांत ही सममिती किंचित मोडते असे दाखविले. त्याबद्दल १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोबायाशी व मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये त्याची उपपत्ती दिली. ती खरी असेल तर क्वार्क सहा प्रकारचे असले पाहिजेत, असे त्यांचे भाकीत होते. २००१ मध्ये जपानचा 'बेल' आणि अमेरिकेचा 'बाबर' या प्रयोगांनी बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉन कणांत तसाच पक्षपात पाहिला.

मात्र २०२५ पर्यंत हा पक्षपात निर्विवादपणे दिसला होता तो केवळ मेसॉनांत, आणि ते अल्पायुषी असतात. आपण ज्यांचे बनलो आहोत ते प्रोटॉन-न्यूट्रॉन बेरिऑन कुळातले. 'एलएचसीबी'ने २०११ ते २०१८ या काळातील आधारसामग्री तपासून 'लॅम्ब्डा-बी' या बेरिऑनाच्या ऐंशी हजारांहून अधिक ऱ्हासांची मोजदाद केली. कण आणि प्रतिकण यांच्या ऱ्हासाच्या प्रमाणांत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक आढळला. आपल्या कुळातील कणांतही निसर्ग पक्षपात करतो, हे त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. या बातमीचे खरे मोल एवढे आहे. त्याहून अधिक समजू नये. कारण कोबायाशी-मास्कावा उपपत्तीत बसणारा सारा पक्षपात जमेस धरला, तरी अब्जात एकाची शिल्लक त्यातून निघत नाही. ती कित्येक पटींनी कमी पडते. तिसऱ्या अटीबाबतही तीच अडचण आहे. २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाचे वस्तुमान पाहता, आरंभीच्या विश्वातील त्यासंबंधीचे स्थित्यंतर संथपणे झाले असावे आणि समतोल पुरेसा बिघडलाच नसावा, असे गणित सांगते. एखादी नोंद अजून आपल्या वहीत आलेलीच नाही, हे उघड आहे.

न्यूट्रिनोची वाट आणि आपला वाटा

ती नोंद न्यूट्रिनोच्या खात्यात असावी, असा एक सबळ तर्क आहे. फुकुगिता व यानागिदा यांनी १९८६ मध्ये तो मांडला. तो खरा असेल, तर न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागणुकीतही फरक दिसावा अशी अपेक्षा राहते. जपानचा 'टीटूके' आणि अमेरिकेचा 'नोव्हा' हे प्रयोग शेकडो किलोमीटर खडकातून न्यूट्रिनो पाठवून तो फरक शोधतात. 'नोव्हा'त भारतीय संस्थाही आहेत. ऑक्टोबर २०२५ मधील त्यांचा संयुक्त निष्कर्ष सशर्त आहे. तीन न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम उलटा असेल तर पक्षपाताचा पुरावा दिसतो. सुलटा असेल तर काही सांगता येत नाही. म्हणजे सारे घोडे त्या क्रमापाशी अडले आहे.

आणि येथेच आपल्या देशाचा संबंध येतो. या विषयात भारत काही काठावरचा प्रेक्षक नव्हता. होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचे गणित केले. १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. 'बेल'सारख्या प्रयोगांत किती टकरी झाल्या याचे मोजमाप आजही त्या 'भाभा विकिरणा'च्या आधारे होते. भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'बेल'च्या नव्या आवृत्तीतील सिलिकॉन शोधकाचा एक थर उभारून दिला. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर वातावरणीय न्यूट्रिनो टिपले. जगात ते प्रथम टिपण्याचा मान ज्या दोन प्रयोगांकडे जातो, त्यांतला तो एक होय. पुढे तेथेच प्रोटॉनचा ऱ्हास होतो काय, हे पाहणारा प्रयोग झाला. साखारोव्ह यांच्या पहिल्या अटीचीच ती परीक्षा होती.

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्यांची जागा घेण्यासाठी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याचे ठरले. पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाच्या साह्याने न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखावयाचे आणि वस्तुमानांचा क्रम शोधावयाचा, असा तिचा हेतू होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे दीड हजार कोटी रुपयांना मंजुरी दिली. त्यानंतर पर्यावरणाचे दावे, स्थानिकांचा विरोध आणि राज्य सरकारचा नकार यांत ती अडकून पडली. २०२२ मध्ये तमिळनाडूने सर्वोच्च न्यायालयापुढे आपला विरोध नोंदविला. चीनने २०१५ मध्येच ग्वांगडोंग प्रांतात निराळ्या पद्धतीने तोच क्रम शोधणाऱ्या 'जुनो' प्रयोगाचे बांधकाम सुरू केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस हजार टन द्रवाने भरलेला त्याचा शोधक कामास लागला. दोन देशांच्या या एका दशकाची तुलना आणखी भाष्य मागत नाही.

विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरविणे मात्र सोपे आणि अन्यायाचे आहे. इंदापूर तालुक्याने हा अनुभव घेतला आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर येते, तेव्हा जुन्या माणसांच्या मनात काय वर येते हे विस्थापितांनाच विचारावे. राष्ट्रहितासाठी त्याग करा असे सांगणारे पुष्कळ असतात. त्याग करणाऱ्याचा हिशेब चुकता करणारे थोडे. थेनीच्या शेतकऱ्याला आपल्या डोंगराची आणि पाण्याची भीती वाटली असेल, तर काम सुरू होण्याआधी त्याच्याच भाषेत त्याच्याशी बोलणे, ही शास्त्रज्ञांची व शासनाची जबाबदारी होती. ती वेळेवर पुरेशी पार पडली नाही, असे म्हणणे भाग आहे.

खर्च कोणी करावा?

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे येऊ. मूलभूत संशोधनाचा उपयोग होतो हे दाखविणे कठीण नाही. डिरॅकच्या समीकरणातला पॉझिट्रॉन आज कर्करोगाच्या 'पेट' तपासणीत वापरला जातो. त्यासाठी लागणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिनचा निम्मा भाग दोन तासांच्या आतच संपतो. म्हणून ही सोय सायक्लोट्रॉनच्या आवाक्यातील शहरांतच होऊ शकते आणि ग्रामीण रुग्णाला शहर गाठावे लागते. परंतु उपयोगाच्या या युक्तिवादावर फार विसंबू नये. द्रव्याची शिल्लक कोठून आली हे उद्या कळले, तरी त्यातून उसाचा उतारा वाढणार नाही. तसे आश्वासन देणारा शास्त्रज्ञ फसवणूक करीत असेल.

खरा युक्तिवाद निराळा आहे. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, मूलभूत ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. ते एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही आणि त्यापासून कोणाला दूर ठेवता येत नाही. म्हणून खासगी नफ्याच्या प्रेरणेने ते पुरेशा प्रमाणात निर्माण होत नाही. ऊस उत्पादकाला हे ग्रंथ वाचण्याची गरज नाही. नीरेपलीकडे पाडेगावला १९३२ पासून उसाचे संशोधन केंद्र आहे. तेथे निपजलेल्या वाणाचे बेणे बांधावरून बांधावर जाते. त्याला कुलूप लावता येत नाही. म्हणूनच ते काम कोणा व्यापाऱ्याने न करता सार्वजनिक पैशाने करावे लागले.

या कसोटीवर आपले धोरण तपासावे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्याच सुमारास चीनचा २.४ टक्के आणि दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांहून अधिक होता. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये योजिले गेले. त्यांतला मोठा हिस्सा बिगर-सरकारी स्रोतांतून येईल अशी अपेक्षा धरण्यात आली. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची संशोधन योजना मंजूर केली. तिचा रोख खासगी उद्योगांतील, बाजाराच्या जवळ आलेल्या तंत्रज्ञानावर आहे. तंत्रज्ञानाला साह्य करण्यास हरकत नाही. परंतु ज्या कामाकडे उद्योग स्वभावतःच पाठ फिरवितो, ते काम उद्योगाच्या देणगीवर सोडणे, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाविरुद्ध आहे. शासनाने तेथेच प्रथम उभे राहावयास हवे.

आणि या साऱ्याची मुळे आपल्या तालुक्यांतील महाविद्यालयांत आहेत. पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिक्षकाची जागा रिकामी असते, तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण महिन्याच्या मानधनाची वाट पाहत शिकवीत असतो, आणि प्रयोगशाळेतील उपकरणे निरीक्षणाच्या दिवशी तेवढी पुसली जातात. अशा वर्गातून न्यूट्रिनो वेधशाळेला माणसे मिळणार कोठून? वेधशाळा थेनीला अडली, असे आपण म्हणतो. ती इथेही अडलेली आहे.

मूलभूत संशोधनासाठी अंदाजपत्रकात खासगी देणग्यांवर न विसंबणारा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, महाविद्यालयांतील विज्ञान शिक्षकांच्या जागा कायम स्वरूपात भराव्यात, आणि मोठा प्रयोग जेथे उभा राहणार असेल तेथील माणसांना आधी विश्वासात घ्यावे. या तिन्ही मागण्या साध्या आहेत आणि तिन्ही आपल्या आवाक्यातील आहेत.

दिवसअखेर एका रुपयाचा फरक शोधत बसणाऱ्या कारकुनाला कोणी वेडा म्हणत नाही. त्याच्या त्या हट्टावरच संस्थेचा विश्वास उभा असतो. अब्जात एकाचा फरक शोधणारी माणसे त्याच जातीची आहेत. त्यांना बसावयास खुर्ची आणि लावावयास दिवा देणे, एवढे तरी या देशाला परवडले पाहिजे.